साध्या यंत्राची कामगिरी कशी मोजावी: वेग गुणोत्तर, यांत्रिक लाभ आणि कार्यक्षमता

दोरीच्या चार पदरांवर भार तोलणाऱ्या कप्प्यांच्या संचाने ५०० न्यूटनचं ओझं उचलायचं आहे. किती जोर लागेल? पुस्तकी हिशेबाने ५०० भागिले ४, म्हणजे १२५ न्यूटन. दोरीला ताणकाटा (ओढीचं बल दाखवणारा स्प्रिंगचा काटा) लावून ओढलं, की काटा १६८ दाखवतो. मधले ४३ न्यूटन कुठे गेले याचा हिशेब मांडता आला, की यंत्र खरं कळलं. या लेखात तोच हिशेब पायरीपायरीने करायचा आहे. त्यासाठी लागणारं सामान थोडकं आहे: मोजपट्टी, ताणकाटा, वजनं, आलेखाचा कागद.

पहिली पायरी: दोन गुणोत्तरं वेगळी ठेवा

तरफ, कप्पी, चाक आणि आस, उतरण, पाचर, मळसूत्र ही सहा साधी यंत्रं. सगळ्यांचा व्यवहार बहुधा एकच: थोड्या बलाने जास्त अंतर काटायचं आणि त्या बदल्यात मोठा भार थोडं अंतर हलवायचा. यंत्र स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही, जितकं काम घालावं त्याहून जास्त काम परत देत नाही. गॅलिलिओने १६०० च्या सुमारास हे स्पष्ट मांडलं आणि आजचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

वेग गुणोत्तर = बलाने काटलेलं अंतर ÷ भाराने काटलेलं अंतर

यांत्रिक लाभ = भार ÷ लावलेलं बल

कार्यक्षमता (टक्के) = यांत्रिक लाभ ÷ वेग गुणोत्तर × १००

वेग गुणोत्तर हा यंत्राच्या मापांचा गुण आहे. कप्पी गंजली तरी तो बदलत नाही. यांत्रिक लाभ मात्र प्रत्यक्ष भार टांगून, बल मोजूनच मिळतो. पुष्कळदा तरफेच्या भुजांचं गुणोत्तर काढून त्यालाच यांत्रिक लाभ म्हणतात. तो घर्षण शून्य धरलेला आदर्श लाभ झाला. दोन्ही आकडे मापांवरूनच काढले तर कार्यक्षमता कायम १०० टक्के येणार आणि मोजल्यासारखं काही उरणार नाही.

एककांत एक सावधगिरी बाळगा. किलोग्रॅम हे वस्तुमान आहे. बल न्यूटनमध्ये हवं असेल तर किलोग्रॅमला ९.८ ने गुणा. भार आणि बल दोन्ही किलोग्रॅममध्येच वाचले तर गुणोत्तर तेच येतं, पण एक किलोग्रॅममध्ये आणि दुसरं न्यूटनमध्ये घेतलं तर उत्तर जवळपास दहापट चुकतं.

दुसरी पायरी: मोजपट्टीने वेग गुणोत्तर काढा

*तरफ.* टेकूपासून बलापर्यंतचं अंतर ही बलभुजा, टेकूपासून भारापर्यंतचं अंतर ही भारभुजा. बलभुजा ÷ भारभुजा हे वेग गुणोत्तर. १.५ मीटरची पहार घ्या आणि टेकू भाराच्या टोकापासून १० सेंटीमीटरवर ठेवा. गुणोत्तर १.४० ÷ ०.१० = १४. टोकावर २,१०० न्यूटनचा दगड असेल तर हिशेबाने १५० न्यूटन बल पुरायला हवं.

भुजा नेहमी बलाच्या दिशेला काटकोनात मोजायची. पहारीशी ९० अंशांऐवजी ६० अंशांच्या कोनात ओढलं तर १.४० मीटरची बलभुजा १.२१ मीटरच उरते आणि जोर जास्त लागतो.

पहारीचं स्वतःचं वजन बहुतेक जण विसरतात. पहार ६ किलोची असेल तर तिचे ५९ न्यूटन मध्यबिंदूवर, म्हणजे टेकूपासून ०.६५ मीटरवर, बलाच्या बाजूला काम करतात. दगडासाठी २,१०० × ०.१० = २१० न्यूटन-मीटर हवेत, त्यातले ३८ पहार स्वतःच देते. हाताला उरतात १७२ ÷ १.४० = सुमारे १२३ न्यूटन. आता कोणी २,१०० ला १२३ ने भागलं तर यांत्रिक लाभ १७ येईल आणि कार्यक्षमता १२० टक्क्यांच्या वर जाईल. असं उत्तर आलं की समजावं, कुठलं तरी वजन हिशेबातून सुटलं आहे. १०० च्या वरची कार्यक्षमता ही नेहमी मोजमापातली चूक असते.

*चाक आणि आस.* चाकाचा व्यास ÷ आसाचा व्यास. पण दोरीची जाडी दोन्हीत मिळवायला हवी, कारण ओढ दोरीच्या मध्यरेषेतून जाते. चाक ३०० मिलिमीटर, आस ५४ मिलिमीटर, दोरी ६ मिलिमीटर असेल तर गुणोत्तर ३०६ ÷ ६० = ५.१. दोरी न धरता काढलं तर ५.५६ येतं. प्रत्यक्ष लाभ ४.६ मिळत असेल तर खरी कार्यक्षमता ९० टक्के, आणि चुकीच्या मापाने ती ८३ वाटते. शिवाय आसावर दोरीचा दुसरा थर चढला की दोरीसह आसाचा व्यास साधारण ७२ मिलिमीटर होतो आणि गुणोत्तर ४.२५ पर्यंत घसरतं. भार वर जाताना मध्येच हात जड होतो त्याचं कारण अनेकदा हेच असतं. चाचणी पहिल्या थरातच पुरी करा.

*कप्प्यांचा संच.* कप्प्या मोजू नका, खालच्या सरकत्या संचाला तोलून धरणारे दोरीचे पदर मोजा. पदर चार असतील तर गुणोत्तर ४. वरच्या स्थिर कप्पीवरून खाली ओढायला आलेला पदर भार तोलत नाही, तो धरायचा नाही. दोरीचं मोकळं टोक खालच्या कप्पीतून थेट वर ओढत असाल तर मात्र तोही पदर मोजा. शंका असल्यास खडूने दोरीवर खूण करा, एक मीटर दोरी ओढा आणि भार किती उचलला ते पाहा. २५ सेंटीमीटर आला तर गुणोत्तर ४ बरोबर. ही खूण भार जमिनीवरून सुटल्यावरच करावी, कारण आधीचा बराचसा भाग दोरीची ढिलाई आणि ताण घेण्यातच जातो.

*उतरण.* उताराची लांबी ÷ उंची. ३ मीटर लांब, ०.६ मीटर उंच उतरणीचं गुणोत्तर ५.

*मळसूत्र.* हँडलचा एक फेरा ÷ त्या फेऱ्यात झालेली चढ. हँडल आसापासून ४०० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असेल तर २ × ३.१४१६ × ४०० ÷ ८ = सुमारे ३१४. इथे फेऱ्याच्या लांबीऐवजी नुसती हँडलची लांबी घेण्याची चूक फार होते. मळसूत्राला दोन समांतर आटे असतील तर एका फेऱ्यात ते दुप्पट चढतं आणि गुणोत्तर निम्मं होतं. नजरेवर भरवसा न ठेवता दहा फेरे देऊन एकूण चढ मोजणं बरं.

*पाचर.* लांबी ÷ मागच्या टोकाची जाडी. मापाने हे सोपं आहे, पण पाचर घणाच्या आघाताने चालते आणि दोन्ही बाजूंना घासते. ताणकाट्याने तिचा लाभ मोजायचा प्रयत्न करू नये.

तिसरी पायरी: बल मोजा, आणि भार सरकत असतानाच मोजा

भार अधांतरी थांबवून काटा वाचणं ही या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक. थांबलेल्या भाराला घर्षण आधार देतं. वर सांगितलेल्या संचात ५०० न्यूटन उचलताना १६८ लागतात, पण तोच भार नुसता धरून ठेवायला शंभराच्या खालचं बलही पुरू शकतं. त्यामुळे थांबलेल्या स्थितीतल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. दोरी सावकाश, एकसारख्या वेगाने ओढत राहा आणि सरकताना काटा जिथे स्थिरावतो तो आकडा लिहा. झटक्याने सुरुवात केली की काटा क्षणभर वर उडतो. तो आकडा सोडून द्या.

ताणकाटा उलटा किंवा आडवा धरायचा असेल तर त्याच स्थितीत आधी शून्यावर आणा, कारण उलटा धरल्यावर त्याच्या सांगाड्याचं वजनही मोजात येतं. याहून खात्रीची पद्धत म्हणजे दोरीच्या टोकाला पारडं बांधून थोडं थोडं वजन वाढवत जाणं. हलकी टिचकी मारल्यावर पारडं सावकाश आणि एकसारखं खाली सरकू लागलं, की तेवढं बल. पारड्याचं वजन त्यात मिळवायला विसरू नका.

प्रत्येक भारासाठी तीन वाचनं घेऊन सरासरी लिहा आणि किमान पाच वेगवेगळे भार लावा. एकाच भारावरून काढलेली कार्यक्षमता त्या एका भाराचीच असते. चार पदरांच्या संचाची नमुन्यादाखल वाचनं अशी (सगळी न्यूटनमध्ये):

| भार | बल | यांत्रिक लाभ | कार्यक्षमता |
|---|---|---|---|
| १०० | ४१ | २.४४ | ६१% |
| २०० | ७२ | २.७८ | ६९% |
| ३०० | १०३ | २.९१ | ७३% |
| ४०० | १३७ | २.९२ | ७३% |
| ५०० | १६८ | २.९८ | ७४% |

भार वाढतो तशी कार्यक्षमता वाढते, आणि मग वाढ मंदावते. तक्त्यावरून असं का होतं ते कळत नाही, आलेखावरून कळतं.

चौथी पायरी: यंत्राचा नियम शोधा

आडव्या अक्षावर भार आणि उभ्या अक्षावर बल घेऊन पाच बिंदू मांडा. ते जवळपास एका सरळ रेषेत येतात. पट्टीने अशी रेषा काढा की थोडे बिंदू वर, थोडे खाली राहतील. फक्त पहिला आणि शेवटचा बिंदू जोडू नका. एखादा बिंदू एकटाच दूर पडला तर ते वाचन पुन्हा घ्या.

रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा इथे सुमारे ८ येतो. रेषेचा चढ (भार १ ने वाढला की बल किती वाढतं तो आकडा) काढण्यासाठी तिच्यावरचे दोन लांबचे बिंदू घ्या: भार ४०० ने वाढला तर बल १२८ ने वाढतं, म्हणजे चढ ०.३२. या यंत्राचा नियम असा:

बल = ०.३२ × भार + ८

सगळ्या चाचणीचं सार या एका ओळीत आहे. ८ न्यूटन म्हणजे रिकामं यंत्र हलवायलाच लागणारं बल. खालच्या संचाचं वजन २० न्यूटन असेल तर चार पदरांत वाटून त्यातले ५ न्यूटन त्याचेच, उरलेले ३ रिकाम्या यंत्राच्या घर्षणाचे. भार कमी असताना हे ८ न्यूटन मोठा हिस्सा खातात, म्हणून १०० न्यूटनला कार्यक्षमता ६१ टक्केच येते. भार वाढला की तो हिस्सा नगण्य होत जातो.

चढ ०.३२ हा भाराबरोबर वाढणाऱ्या घर्षणाची साक्ष देतो. घर्षण नसतं तर चढ १ ÷ ४ = ०.२५ असता. यांत्रिक लाभ कितीही भार लावला तरी १ ÷ ०.३२ = ३.१ च्या पुढे जाणार नाही आणि कार्यक्षमता १ ÷ (०.३२ × ४), म्हणजे ७८ टक्क्यांच्या पुढे जाणार नाही.

आता सुरुवातीच्या ४३ न्यूटनचा हिशेब लागतो. ५०० च्या भाराला आदर्श बल १२५, खालच्या संचाला उचलायला ५, आणि ३८ न्यूटन घर्षणाला.

दुरुस्ती कुठे करायची तेही हेच दोन आकडे सांगतात. स्थिर आकडा मोठा असेल तर खालचा संच अकारण जड आहे, किंवा कप्पी कडेच्या पट्टीला घासते आहे. चढ मोठा असेल तर आस कोरडे आहेत, किंवा जाड ताठ दोरी लहान कप्पीवर वाकवली जाते आहे. वंगण घालून चाचणी पुन्हा करा. चढ उतरला तर दोष आसात होता, नाही उतरला तर दोरी बदला किंवा मोठ्या व्यासाची कप्पी लावा. नियम वापरून चाचणीच्या पलीकडच्या भाराचं बल काढता येतं, पण यंत्रावर लिहिलेल्या सुरक्षित भाराची मर्यादा ओलांडायला हे समीकरण परवानगी देत नाही.

लांब उतरण नेहमी फायद्याची असते का?

१,००० न्यूटनची लाकडी पेटी आधी सांगितलेल्या ३ मीटरच्या उतरणीवर घासत न्यायची आहे, घर्षणांक (घर्षण ÷ पृष्ठभागावरचा दाब) ०.३ धरू. दाब म्हणजे इथे पृष्ठभागाला काटकोनात लागणारं बल. बल = भार × (उंची ÷ लांबी) + घर्षणांक × पृष्ठभागावरचा दाब. पहिला भाग १,००० × ०.२ = २००. दाब ९८० न्यूटन, म्हणून दुसरा भाग २९४. एकूण ४९४ न्यूटन. लाभ २.०२, कार्यक्षमता ४० टक्के.

उतरण ६ मीटरची केली तर गुणोत्तर ५ वरून १० होतं. बल मात्र १०० + २९८ = ३९८. अंतर दुप्पट आणि जोर फक्त एक पंचमांशाने कमी, कार्यक्षमता २५ टक्के. उतार कमी झाला तरी घासणं तसंच राहिलं, उलट किंचित वाढलं. ३ मीटरच्याच उतरणीवर पेटी चाकांच्या गाडीवर ठेवली आणि रोध ०.०३ पर्यंत आला तर बल २२९ वर उतरतं आणि कार्यक्षमता ८७ टक्के होते. जास्त वेग गुणोत्तर म्हणजे चांगलं यंत्र, ही समजूत इथे साफ मोडते. घर्षण मोठं असेल तिथे आधी ते कमी करा, लांबी नंतर वाढवा.

पाचवी पायरी: हात सोडला तर भार परत येईल का?

हे आधीच काढून ठेवणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. नियम सोपा आहे: कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असेल तर बल काढून घेतल्यावर यंत्र सहसा उलटं फिरत नाही. घातलेल्या कामातला निम्म्याहून जास्त भाग घर्षण खात असेल, तर भाराकडे ते घर्षण मोडून मागे यायला पुरेसं काम उरत नाही. म्हणून घासत नेलेली पेटी उतरणीवर जागच्या जागी थांबते. गाडीवर चढवलेली तीच पेटी मागे धावते. ७४ टक्क्यांच्या कप्पीवरची दोरी हातातून सुटली की भार कोसळतो. अशा यंत्राला खुंटी, अटकाव किंवा ब्रेक हवाच.

स्क्रू जॅकची कार्यक्षमता मुद्दाम कमी ठेवलेली असते. चौकोनी आट्यांचं ५० मिलिमीटरचं मळसूत्र, आट्यांचं अंतर ८, आट्यांचा सरासरी व्यास ४६, घर्षणांक ०.१५ असं उदाहरण घ्या. आट्यांचा चढ कोन ३.२ अंश, घर्षण कोन (ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागते तो कोन) ८.५ अंश. १०,००० न्यूटन उचलायला ४०० मिलिमीटरच्या हँडलवर सुमारे ११९ न्यूटन लागतात. लाभ ८४, गुणोत्तर ३१४, कार्यक्षमता २७ टक्के. एका फेऱ्यात हात २९९ ज्यूल काम घालतो आणि भाराला मिळतात ८० ज्यूल, बाकी आट्यांत उष्णता होते. वरच्या टोपीखालचं घर्षण धरलं तर कार्यक्षमता आणखी खाली येते. हा भार खाली आणायलाही उलट दिशेने सुमारे ५४ न्यूटन लावावे लागतात. हँडल सोडून दिलं तरी जॅक जागचा हलत नाही.

मात्र ५० टक्क्यांच्या काठावरच्या यंत्रावर विसंबू नका. थरथर किंवा तेल लागून घर्षण कमी झालं, की काल थांबणारं यंत्र आज सरकू शकतं.

यंत्रं जोडली तर

एका यंत्राचं बल दुसऱ्याने पुरवलं तर वेग गुणोत्तरांचा गुणाकार होतो आणि कार्यक्षमतांचाही. ५.१ गुणोत्तराचं, ९० टक्क्यांचं चाक आणि आस चार पदरांच्या संचाची दोरी ओढत असेल तर एकूण गुणोत्तर २०.४, कार्यक्षमता ०.९० × ०.७४ = ६७ टक्के, लाभ सुमारे १३.६. ५०० न्यूटन उचलायला हाताला ३७ न्यूटनच्या आसपास बल पुरतं, पण भार एक मीटर चढायला चाकावरून २०.४ मीटर दोरी ओढावी लागते. चाकावर येणारा भार ५०० नसून १६८ आहे हे लक्षात ठेवा, त्याची कार्यक्षमता १६८ च्या भाराला मोजलेलीच घ्यावी.

वरचा संच जिथे टांगला आहे त्या हुकावर किती ओढ पडते हेही याच वेळी काढा. दोरी खाली ओढत असताना त्यावर भाराचे ५००, खालच्या संचाचे २० आणि ओढणाऱ्या दोरीचे १६८ असे ६८८ न्यूटन येतात, शिवाय वरच्या संचाचं वजन वेगळं. हूक फक्त ५०० न्यूटनचा विचार करून निवडला असेल तर तो बदलूनच भार टांगा.